दोन पायांतला फरक आणि एक आकडा



जालन्यात पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पळताना दिसतात. त्यांच्या मैदानी चाचणीत ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. तिथे सेकंद मोजतात, अंतर मोजतात. मुलींच्या फुटबॉलमध्ये मात्र आता दोन्ही पाय वेगवेगळे मोजले जातात, आणि त्यावरून एक विधान केलं जातं: डाव्या-उजव्या पायाच्या उडीत ज्या मुलीचा फरक जास्त, ती धावायला हळू. खेळाचे आम्ही जाणकार नाही. पण विधान तपासणं हा आमचा जन्मभराचा धंदा, म्हणून आज त्याची चिकित्सा करू.

चाचणी साधी आहे. कमरेवर हात, एका पायावर उभं राहायचं, गुडघा वाकवून सरळ वर उडी. मग दुसरा पाय. नंतर १०, २०, ३० मीटर धावण्याची वेळ घ्यायची.

यात तथ्य आहे, हे आधी कबूल करू. धावताना एका वेळी एकच पाय जमिनीला टेकतो. तो दुबळा असेल तर रेटा कमी पडणारच. शिवाय गुडघ्यातला लिगामेंट तुटण्याची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आढळते. तेव्हा पायांकडे लक्ष देणं योग्यच.

अडचण आकड्यापाशी सुरू होते. समजा, एका मुलीची उजव्या पायाची उडी १५ सेंटिमीटर, डाव्याची १३. फरक २. याला १५ ने भागलं तर १३.३ टक्के, सरासरीने भागलं तर १४.३, आणि १३ ने भागलं तर १५.४. पुष्कळ ठिकाणी १५ टक्के ही धोक्याची रेषा धरतात. म्हणजे मुलगी तीच, उडी तीच, आणि भागाकार बदलला की ती सदोष! डाव्या पायाने एकच सेंटिमीटर जास्त मारली, तर फरक ७ टक्क्यांच्या आसपास. आमच्या काळ्या मातीच्या भेगाळलेल्या मैदानावर एक सेंटिमीटर म्हणजे काय हो?

दुसरी गोष्ट. उंच उडीत उजवा पाय सरस ठरलेली मुलगी लांब उडीत डाव्याने सरस ठरू शकते. मग दुबळा पाय कोणता? उजव्याने चेंडू मारणारी मुलगी त्या क्षणी डाव्यावर उभी असते. दोन पायांची कामं वेगळी, तर थोडा फरक हा सरावाचा वळसाही असेल.

तिसरी गोष्ट तर्काची. धूर दिसला की अग्नी आहे म्हणता येतं. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, त्याला लाकूड ओलं लागतं. नैयायिक या ओल्या लाकडाला 'उपाधी' म्हणतात. पायांतला फरक आणि मंद धाव यांच्यामध्येही अशा उपाधी असतात: वय, जुनी दुखापत, एकूण ताकद. वीस-पंचवीस मुलींच्या एका संघावर घेतलेल्या मोजमापात त्या वेगळ्या काढणं कठीण. म्हणून काही अभ्यासांत हा संबंध दिसतो, काहींत दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा कीस कशाला? घनसावंगी किंवा मंठ्याच्या एखाद्या मुलीला घरून खेळायची परवानगी मोठ्या मिनतवारीने मिळते. निवडीच्या वेळी कुणी सहज म्हणालं, 'हिच्या पायात फरक आहे,' तर ते वाक्य मैदानावर राहत नाही. घरी पोचेपर्यंत त्याचं 'पायात दोष आहे' होतं, आणि पुढे सोयरिकीच्या बैठकीतही ते निघतं.

तेव्हा क्रीडाशिक्षकांना एवढंच सांगणं. मोजा, जरूर मोजा. प्रत्येक पायाच्या तीन-तीन उड्या घ्या, वहीत लिहा, आणि महिन्याने त्या मुलीची तुलना तिच्याशीच करा. मागे पडलेल्या पायाला व्यायाम द्या. आपली लंगडी आहेच, ती दोन्ही पायांनी घालायला लावा. पण त्या आकड्यावरून कुणाला संघाबाहेर काढू नका. आकड्याने आपल्याला प्रश्न विचारावा. निकाल द्यायचा अधिकार आपण त्याला दिलेला नाही.