मराठीत भाषाविज्ञानाचं चॅनेल काढायचं तर

'चार' आणि 'चारा' मोठ्याने म्हणून बघा. दोन्हींतला 'च' वेगळा लागतो ना? अक्षर एक, ध्वनी दोन. हे लिहून समजवताना माझी दमछाक होते. व्हिडिओत तीन सेकंदांचं काम.

पण मी पाहिलेले बहुतेक मराठी व्हिडिओ 'भाषा' म्हटलं की शुद्धलेखनाकडे वळतात. अमुक बरोबर, तमुक चूक. हे भाषाविज्ञान नव्हे. मानपाड्यातले आमचे आगरी शेजारी 'गाडी'ला 'गारी' म्हणतात, 'घोडा'ला 'घोरा'. 'डोळा'चा मात्र 'डोला' होतो, 'रोला' नाही! म्हणजे 'ड'चा 'र' होतो तो शब्दाच्या मध्ये, सुरुवातीला नाही. इतका नेम असलेली गोष्ट चूक कशी? तरी शाळेत पोरं यावरूनच हसू खातात.

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं बोलींचं सर्वेक्षण करून ध्वनिमुद्रणं संकेतस्थळावर ठेवली आहेत. खजिनाच आहे. पण काय शोधायचं हे आधी माहीत नसेल, तर माणूस दारातूनच परत फिरतो. चॅनेलचं खरं काम तिथे आहे.

मीही एक प्रयत्न केला. शेजारच्या काकूंसमोर मोबाइल धरला आणि त्या चक्क 'गाडी' म्हणू लागल्या! विल्यम लबॉव्ह ज्याला निरीक्षकाचा विरोधाभास म्हणतो, तो हाच. "शुद्ध बोलले ना रे?" काकूंनी विचारलं. तो व्हिडिओ मी अजून टाकलेला नाही.