कळसूत्री बाहुलीचे सांधे : मराठी समीक्षेतील एका रूपकाचा पुनर्विचार

प्रास्ताविक :
एखादे पात्र फसले आहे असे सांगायचे असेल, तर ते ‘लेखकाच्या हातातील कळसूत्री बाहुले’ झाले आहे, असे म्हणण्याचा मराठी समीक्षेत प्रघात आहे. वर्गात शिकविताना, परीक्षणे लिहिताना, प्रबंधिका तपासताना आपण सर्वजण हा शब्दप्रयोग सहजपणे करतो. त्यामागे दोन गृहीतके असतात. बाहुलीला स्वतःचे असे काही नसते, हे पहिले. आणि जिवंत पात्र लेखकाच्या सूत्रातून मुक्त असते, हे दुसरे. बाहुली प्रत्यक्षात कशी घडविली जाते हे पाहिले, तर ही दोन्ही गृहीतके टिकत नाहीत. बाहुलीच्या सांध्यांची रचना लक्षात घेऊन या रूपकाची फेरतपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मूर्ती आणि बाहुली :
जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथे १९७३ मध्ये झालेल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचा अवशेष मिळाला. इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती प्रतिमेशी त्याचे असलेले साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. अशा प्रतिमेत कारागीर उभे राहण्याची एक ढब निवडतो आणि ती कायमची कोरतो. रोममध्ये १८८९ साली क्रेपेरेया ट्रिफेना या तरुणीच्या शवपेटिकेत सापडलेली बाहुलीही हस्तिदंतीच आहे. परंतु तिचे खांदे, कोपर, कंबर आणि गुडघे सांध्यांनी जोडलेले आहेत. माध्यम एक असूनही दोन्ही कारागिरांचे काम वेगळे आहे. पहिला ढब ठरवितो. दुसरा कोणकोणत्या ढबी शक्य आहेत एवढेच ठरवितो. पात्रनिर्मितीचा विचार करताना हा भेद महत्त्वाचा आहे.

सांध्याचे शास्त्र :
सांध्यात मोकळीक असते, तशी मर्यादाही असते. कोपर पुढे वाकावा पण मागे वळू नये, यासाठी लाकडात अडसर ठेवावा लागतो. चामड्याच्या बाहुलीत दोन तुकड्यांना भोके पाडून त्यांतून दोरा ओवतात व गाठ मारतात. गाठ घट्ट बसली तर उचललेला हात तेथेच अडकतो. सैल राहिली तर तो नुसता लोंबकळतो. खेळण्यातील बाहुलीने दिलेल्या ढबीत स्थिर राहावे म्हणून तिचा सांधा थोडा आवळलेला असतो. सूत्रबाहुलीचा सांधा मात्र मोकळा हवा, कारण सूत्र सैल सोडताच अवयव स्वतःच्या वजनाने खाली आला पाहिजे. हाइनरिख फॉन क्लाइस्ट या जर्मन लेखकाने १८१० साली बाहुलीनाट्यावरील आपल्या निबंधात हाच मुद्दा मांडला. चालकाने प्रत्येक अवयव हलवायचा नसतो. गुरुत्वमध्य सांभाळला की अवयव लंबकाप्रमाणे आपोआप चालतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. म्हणजे बाहुलीजवळ स्वतःचे असे काही निश्चितच असते. ते म्हणजे तिचे वजन आणि तिच्या सांध्यांची घडण.

सांधे जितके अधिक तितकी बाहुली जिवंत, असेही नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथी, चामड्याच्या बाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या ही परंपरा जपली आहे. महाराष्ट्रातील पारंपरिक कळसूत्री बाहुली लहान असते; तिला पाय नसतात आणि सांधे केवळ दोन्ही खांद्यांना असतात. ओडिशातील रावणछायेच्या बाहुल्या तर एकसंध असतात. जपानच्या बुनराकू परंपरेत प्रमुख बाहुली तीन चालक मिळून चालवितात. तरीही तेथील स्त्रीबाहुलीला बहुधा पाय नसतात. वस्त्राच्या हालचालीतूनच तिची चाल दाखविली जाते. सांधा कोठे द्यावा आणि कोठे देऊ नये, हा सर्वत्र कलात्मक निर्णयच आहे.

एक उदाहरण :
राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ (१९१९) या नाटकातील सिंधू ही पातिव्रत्याच्या आदर्शाचे बाहुले आहे, असा आक्षेप घेतला जातो. वरील विवेचनाच्या आधारे तो अधिक नेमका मांडता येईल. सुधाकर आणि सिंधू या दोघांचीही सूत्रे गडकऱ्यांच्याच हाती आहेत. सुधाकराच्या स्वभावात मात्र स्वाभिमान हा मोकळा सांधा आहे. अपमानाचा झटका बसला की तो एकाच बाजूला वळतो आणि पुढची घसरण स्वतःच्या वजनाने होते. सिंधूचा सांधा एका ढबीत आवळलेला आहे. कोणताही प्रसंग आला तरी ती त्याच ढबीत उभी राहते. अखेरीस पतीला वाचविण्यासाठी ती खोटे बोलते. सत्य आणि पतिनिष्ठा या दोन आदर्शांपैकी एकापासून तिला तेथे वळावे लागते, आणि प्रेक्षकाला ती तेथेच सर्वाधिक जिवंत वाटते. सिंधूच्या चित्रणातील दोष सूत्रांचा नसून अडकलेल्या सांध्याचा आहे, असे म्हणता येईल.

समारोप :
मराठीतील ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ या संस्कृत शब्दापासून आला. सूत्र धरणारा आणि सांधा घडविणारा यांना भाषेने एकाच नात्यात बांधले आहे. समीक्षेने मात्र सूत्र तेवढे लक्षात ठेवले. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर करणाऱ्या विष्णुदास भावे यांनी लाकडी बाहुल्याही घडविल्या होत्या. रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. नाट्येतिहास शिकविताना आपण नाटकाची तारीख सांगतो, बाहुल्यांचा उल्लेख क्वचितच करतो. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यांच्या परंपरेतील हस्तकौशल्य हे ज्ञान आहे, हे लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेतून विद्यार्थ्यांना जाणवत नाही तोवर तो सन्मान अपुराच राहील. ‘कळसूत्री बाहुले’ हा शब्द समीक्षेतून काढून टाकण्याची गरज नाही. तो वापरण्यापूर्वी पात्राला सांधे कोठे आहेत, ते किती मोकळे आहेत आणि कोठे अडकले आहेत, हे तपासले पाहिजे. तसे केल्यास एका ठरावीक शेऱ्याच्या जागी उपयुक्त समीक्षासंज्ञा आपल्या हाती येईल.