अर्धरक्ताची नायिका आणि लोककथेचे मिश्र कूळ : 'द कीपर ऑफ नाइट'

कायली ली बेकर या अमेरिकन लेखिकेची 'द कीपर ऑफ नाइट' (2021) ही कादंबरी तरुण वाचकांसाठीच्या अद्भुतकथांच्या दालनात मोडते. तेवढ्यावरून तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने तिच्याकडे पाठ फिरवावी, असे मात्र नाही. कादंबरीची नायिका आणि निवेदक रेन स्कारबरो ही अर्धी ब्रिटिश 'रीपर', म्हणजे आत्मे गोळा करणारी मृत्युदूत, आणि अर्धी जपानी 'शिनिगामी' आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या लंडनमध्ये रीपर तिला हीन लेखतात. आईकडून आलेल्या शक्तीवरचा ताबा सुटताच तिला शहर सोडावे लागते आणि सावत्र भाऊ नेव्हन याला बरोबर घेऊन ती जपान गाठते. तिथली मृत्युदेवता इझानामी तिला सहजासहजी आपली म्हणत नाही. तीन घातक योकाईंचा नाश करून दाखव, मग बघू, अशी अट ती घालते. येथून कादंबरीला शोधयात्रेची परिचित चौकट लाभते.

'योकाई' या संज्ञेला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. 'भूत' म्हणावे तर त्यामागे मेलेला माणूस येतो आणि 'राक्षस' म्हणावे तर कुळाची कल्पना येते. स्थळाला बांधलेला, प्रसन्न झाला तर राखणारा आणि कोपला तर झपाटणारा कोकणातला देवचार त्यातल्या त्यात जवळचा.

अशा कादंबरीचे मूल्यमापन करताना समीक्षक बहुधा एकच कसोटी वापरतात : यातली लोककथा अस्सल आहे काय? बेकर यांचा वारसा जपानी, चिनी आणि आयरिश आहे. त्यामुळे हा प्रश्न लेखिकेच्या रक्तापर्यंत जाऊन पोहोचतो आणि इझानामीने रेनला घातलेली अट समीक्षक नकळत लेखिकेला घालू लागतात. या कसोटीत गृहीत धरलेले शुद्ध मूळ तपासून पाहिले, तर ते हाती लागत नाही.

'शिनिगामी'चेच पाहा. जपानचा आद्य पुराणग्रंथ 'कोजिकी' (इ. स. 712) यात इझानामी आहे, तिचे पाताळ 'योमी' आहे; परंतु या नावाचा मृत्युदूत नाही. हा शब्द अठराव्या शतकाच्या आरंभी चिकामात्सु मोन्झाएमोनच्या प्रेमी युगुलांच्या आत्महत्येवरील नाटकांत भेटतो आणि तिथे त्याचा रोख माणसाला पछाडणाऱ्या मरणेच्छेकडे अधिक आहे. पुढे मेईजी काळात सानयुतेई एन्चो या कथाकाराने 'शिनिगामी' नावाची जी कथा रंगवली, तिचा उगम युरोपातल्या 'मृत्यू हाच धर्मपिता' या कथेत असल्याचे अभ्यासक मानतात. म्हणजे रेनच्या आईकडचे, 'जपानी' म्हणून ओळखले जाणारे कूळही अंशतः युरोपीय कथेवर वाढलेले आहे. दोन मृत्युवंशांना दोन वेगळ्या जाती मानणाऱ्या या कादंबरीला त्याची दखल नाही.

रेनच्या वाट्याला आलेल्या तीन योकाईंपैकी युकी-ओन्ना, म्हणजे हिमस्त्री, हिची कथाही अशीच फिरून आलेली. लॅफ्कादिओ हर्न हा ग्रीक आई आणि आयरिश वडील यांचा मुलगा 1890 मध्ये योकोहामाला उतरला, 1896 मध्ये जपानी नागरिक झाला आणि 1904 मध्ये त्याने 'क्वाइदान'मध्ये ही कथा इंग्रजीत लिहिली. जपानमध्ये आज सर्वपरिचित असलेली कथा बरीचशी त्याच रूपातली आहे.

भारतीय वाचकाला थबकवणारे उदाहरण मात्र तामामो-नो-माएचे. निवृत्त सम्राट तोबाच्या दरबारातली ही लावण्यवती म्हणजे वस्तुतः नऊ शेपट्यांची कोल्ही. उघडकीस आल्यावर ती नासूच्या माळावर मारली जाते आणि तिची 'सेश्शोसेकी', म्हणजे प्राणघातक शिळा, होते. (ही शिळा 2022 च्या मार्चमध्ये दुभंगलेली आढळली, तेव्हा कोल्ही सुटली म्हणून बरीच चर्चा झाली.) याच नावाच्या नो नाटकात तिचे पूर्वजन्म येतात : चीनमध्ये ती राणी बाओ-स आणि त्याआधी भारतात राजपुत्र हान्झोकु ज्याला भजत होता तो थडग्यांचा देव. एडो काळातील ग्रंथांत या देवाच्या जागी राजपुत्राला हजार राजांची मुंडकी तोडायला लावणारी कायो ही स्त्री येते. 'हान्झोकु' याचा शब्दशः अर्थ 'ठिपकेदार पायांचा'. हा आपला कल्माषपादच.

आदिपर्वातला कल्माषपाद हा इक्ष्वाकुवंशीय राजा. वसिष्ठपुत्र शक्तीच्या शापाने तो नरभक्षक होतो, त्याच्या देहात राक्षस शिरतो आणि तो वसिष्ठाच्या पुत्रांना खाऊन टाकतो. येथे राक्षसत्व बाहेरून येते आणि वसिष्ठच ते दूर करतो. बौद्ध परंपरेने मात्र ही कथा रक्तात नेली. आर्यशूराच्या 'जातकमाले'तला सौदास हा राजा सुदास आणि सिंहीण यांचा पुत्र आहे. चिनी बौद्ध कथासंग्रहांत त्याच्या पायांवरचे ठिपके आईकडून आलेले आहेत. शापाची खूण जन्मखूण झाली. अर्ध्या रक्ताचा, माणसांत वाढलेला आणि आईकडच्या भुकेने माणसांतून उठलेला हा राजपुत्र रेनचा कथाबंधू शोभतो. पुढे सुतसोमाच्या सत्यनिष्ठेपुढे तो नरमांस सोडतो. म्हणजे जन्मखूण असली तरी तिच्यावर मात करता येते, असे ही कथा मानते. तामामोच्या जपानी कथेने हा भाग मागे ठेवला आणि दोष कोल्हीकडे सोपवला.

रेनला तामामोसमोर उभे करताना बेकर यांच्या हाती ही सारी सामग्री होती. सीमा ओलांडून आलेली, प्रत्येक देशात परकी ठरलेली एक स्त्री दुसऱ्या तशाच स्त्रीला मारायला निघते, आणि तेही 'आपली' म्हणवून घेण्यासाठी! कादंबरीने या भेटीचा अडथळा केला, आरसा केला नाही. समुद्रातला इसोनादे, हिमस्त्री आणि कोल्ही हे तिघे एकापाठोपाठ पार करावयाचे टप्पे होऊन बसतात. कादंबरीचा हा मधला भाग वेगवान आहे, पण पातळ आहे.

ज्या ठिकाणी लेखिका 'कोजिकी' खरोखर वाचते तिथे चित्र पालटते. वाटेत भेटलेला, मच्छीमार म्हणवणारा हिरो हा अखेरीस हिरुको ठरतो. इझानागी आणि इझानामी यांचे हे पहिले अपत्य. विवाहविधीत स्त्री आधी बोलली म्हणून ते जळूसारखे जन्मले. आईबापांनी त्याला वेताच्या नावेत घालून सोडून दिले आणि अपत्यांत मोजलेही नाही. मध्ययुगात लोकांनी या टाकलेल्या मुलाची सांगड समुद्रावरून येणाऱ्या एबिसु या मच्छीमारांच्या देवाशी घातली. हिरोचा धंदा म्हणजे या उत्तरकालीन श्रद्धेची अचूक खूण आहे. रेनला वाटते, सर्वांनी नाकारलेला हा तरी आपल्याला समजून घेईल. तो समजून घेतोही. आणि त्या समजुतीचाच वापर करून आईच्या सिंहासनाकडे सरकतो. नाकारलेल्यांमध्ये आपोआप सख्य जुळते, या आजच्या कथात्म साहित्यातील आवडत्या गृहीतकाला कादंबरी येथे कठोरपणे छेद देते.

त्याचा मोबदला नेव्हन चुकवतो. पूर्ण रीपर असूनही बहिणीसाठी सर्वस्व सोडून आलेला, योकाईंविषयीही कणव असलेला हा मुलगा कादंबरीतील एकमेव व्यक्ती आहे, जिने रेनला तिच्या रक्ताचा हिशेब कधी विचारला नाही. अखेरीस मृत्युदेवतेचे आसन रेनला मिळते आणि भाऊ हातचा जातो. 'द एम्प्रेस ऑफ टाइम' (2022) या उत्तरभागात ती जपानच्या पाताळावर राज्य करते. तिचे शिनिगामी प्रजाजन तिला अजूनही परकीच समजतात.