पिंकी मोठी झाली तेव्हा : उर्मिला मातोंडकरच्या अभिनयाविषयी

१९९५ साली ‘रंगीला’ आला तेव्हा आमच्या घरी, शेजारी, सगळीकडे एकच प्रश्न होता : ‘अगं बाई, ही ‘मासूम’मधली पिंकी?’ त्यात कौतुक होतं, पण तक्रारही होती. जणू त्या पोरीनं आपल्याला न विचारताच मोठं व्हायचं ठरवलं! पुढे समीक्षकांनीही हीच रेघ ओढली. इकडे निरागस मुलगी, तिकडे मादक नटी. मला ही रेघच मान्य नाही.

‘रंगीला’ म्हणजे काही अचानक घेतलेली उडी नव्हती. डॉ. श्रीराम लागूंनी दिग्दर्शित केलेल्या ‘झाकोळ’मध्ये (१९८०) ती होती, मग बेनेगलांचा ‘कलयुग’, मग १९८३चा ‘मासूम’. एन. चंद्रांच्या ‘नरसिंहा’त (१९९१) ती मोठ्या भूमिकेत आली. आणि एक गंमत बघा, ‘मासूम’मध्ये तिचे वडील झालेले नसीरुद्दीन शाह १९९२च्या ‘चमत्कार’मध्येही तिचे वडीलच आहेत, फक्त भूत होऊन!

‘रंगीला’तल्या मिलीचे कपडे सगळ्यांना आठवतात. घरात आईवडिलांसमोर, भावासमोर वावरणारी मिली कुणाला आठवते? मध्यमवर्गीय घरातली मुलगी तिला उपजत कळते. ‘सत्या’तली विद्या त्याच घरातली आहे.

पण माझा खरा पुरावा ‘कौन’. १९९९, रामगोपाल वर्मा. एक घर, तीन नट, गाणं एकही नाही. बाहेर पाऊस, टीव्हीवर खुन्याची बातमी, आणि घरात एकटी ही. घाबरलेलं मूल जसं प्रत्येक आवाजाकडे मान वळवतं, तशी ती वळवते. डोळे मोठे, आवाज बारीक. आपण लगेच तिच्या बाजूचे होतो. शेवट सांगत नाही, ज्यांनी पाहिलाय त्यांना कळलं असेल. पिंकीच्या त्या चेहऱ्यावर आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो, आणि ही बाई आपल्याच विश्वासाशी खेळते. बालकलाकाराचा चेहरा म्हणजे ओझं, असं आपण म्हणतो ना? इथे तिनं त्याचंच हत्यार केलंय.

श्रीराम राघवन यांनी ‘एक हसीना थी’मध्ये (२००४) हेच ओळखलं. सारिका वर्तक! आडनावातच सगळं आलं. नोकरी करणारी, चटकन विश्वास टाकणारी, उंदरांना भिणारी मुलगी. तुरुंगात गेल्यावर ती भीती हळूहळू कशी घट्ट होत जाते ते बघा. ‘भूत’साठी तिला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला, रास्तच. तरी माझं मत सारिकाला.

‘मैंने गांधी को नहीं मारा’मध्ये ती पुन्हा मुलगी आहे, पण इथे वडिलांनाच सांभाळावं लागतंय. अनुपम खेर यांची भूमिका मोठी, बोलणारी. तिचं काम बहुतेक ऐकण्याचं आहे आणि ते अवघड असतं.

मग टीव्हीनं काय केलं? ‘झलक दिखला जा’च्या दुसऱ्या पर्वात तिला परीक्षकाच्या खुर्चीत बसवलं. छान दिसली, छान बोलली. पण गप्प राहून इतकं सांगणाऱ्या नटीला दर आठवड्याला इतरांच्या नाचावर बोलायला लावायचं? मला ते पाहवत नसे. तिच्याकडे भूमिका घेऊन जाणारे कुठे होते?

एक जण गेला होता. सुजय डहाके, ‘आजोबा’ (२०१४) घेऊन. बिबट्याच्या मागावरची संशोधक. सिनेमा सगळीकडे जमलेला नाही, हे मान्य. पण ती जंगलाकडे नुसती बघते तेव्हा मला ‘कौन’मधली ती वळलेली मान आठवली.

बरं, कुणाला ‘रंगीला’च्या बाजूनं भांडायचंय? या, माईक तिकडे द्या.