‘पॉवर’ नावात की इंजिनात? – ऑक्टेन अंकाविषयीच्या एका समजुतीची चिकित्सा

पेट्रोल पंपावर एकाच कंपनीची दोन प्रकारची पेट्रोले मिळतात. एक साधे, दुसरे लिटरमागे काही रुपयांनी महाग. महाग पेट्रोलाची नावेही मोठी झोकदार असतात. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत आपल्याकडे ती बाजारात आली, तेव्हा कोणी ‘स्पीड’ असे नाव दिले, कोणी ‘पॉवर’, तर कोणी ‘एक्स्ट्रा प्रीमियम’. नावे ऐकली की ग्राहकाची समजूत आपोआप होते : या पेट्रोलात ताकद जास्त, गाडी जास्त पळणार, लिटरमागे जास्त किलोमीटर जाणार. सुटीच्या दिवसांत तारकर्ली-देवबागच्या रस्त्यावर येणाऱ्या टर्बो इंजिनाच्या गाड्यांचे मालक तर महाग पेट्रोलच मागतात. आणि ते पाहून आपल्या स्कूटरमध्येही अधूनमधून ‘चांगले’ पेट्रोल घालावे, असे शाळेतल्या शिक्षकालाही वाटू लागते.

ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. कारण ती पूर्ण खोटी नाही, आणि अर्धे खरे हे वर्गात सर्वांत जास्त गोंधळ माजवते.

अंक कशाचा?

महाग पेट्रोलाच्या फलकावर ९५, ९७ किंवा १०० असा आकडा असतो. तो ऑक्टेन अंक. तो समजावताना ‘पेट्रोलात इतके टक्के ऑक्टेन असते’ असे वाक्य वर्गात सर्रास ऐकू येते. ते चूक आहे. पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. ९१ अंकाच्या पेट्रोलात आयसोऑक्टेन ९१ टक्के नसते, बरेच कमी असते.

खरी गोष्ट अशी. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ग्रॅहॅम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने पेट्रोल मोजण्यासाठी दोन द्रवांची पट्टी सुचवली. इंजिनात अत्यंत शांतपणे जळणाऱ्या आयसोऑक्टेनला १०० अंक, आणि लगेच खडखडाट करणाऱ्या सरळ साखळीच्या हेप्टेनला शून्य. एखादे पेट्रोल विशिष्ट चाचणी-इंजिनात ९१ भाग आयसोऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागले, तर त्याचा अंक ९१. म्हणजे हा अंक वागणुकीची तुलना सांगतो, घटकांचे प्रमाण सांगत नाही. म्हणूनच इथेनॉलसारख्या पदार्थाचा अंक शंभराच्याही वर, सुमारे १०८ असू शकतो. टक्केवारी असती, तर हे शक्यच नव्हते.

वागणूक म्हणजे कसली? सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दट्ट्या भराभर मारला, तर पंप गरम होतो. इंजिनातही तेच घडते. दट्ट्या वर येतो, हवा व पेट्रोलाची वाफ दाबली जाते आणि तापते. ३० अंश सेल्सियसच्या आसपासची हवा उष्णता बाहेर न जाऊ देता तिच्या आठव्या हिश्शापर्यंत दाबली, तर गणिताने तिचे तापमान सुमारे ४२० अंशांवर जाते. दहाव्या हिश्शापर्यंत दाबली, तर ४८० च्या वर. मग प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकाकडून पसरू लागते. पण पलीकडच्या कोपऱ्यातले न जळलेले मिश्रण त्या ज्योतीमुळे आणखी दाबले जाते. ज्योत पोचण्यापूर्वीच ते आपोआप भडकले, तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. खडखड असा धातूचा आवाज येतो. गॅरेजमध्ये याला नॉकिंग म्हणतात. ते फार वेळ चालले, तर दट्ट्याला इजा होते.

ऑक्टेन अंक सांगतो तो एवढाच : हे पेट्रोल दाब आणि उष्णता किती सोसते. त्यात ऊर्जा किती, हे तो सांगत नाही.

मग ताकद कुठून येते?

इथे समजुतीतला खरा भाग सुरू होतो. मिश्रण जितके जास्त दाबावे, तितकी इंजिनाची कार्यक्षमता वाढते. आदर्श इंजिनाच्या गणितात संपीडन गुणोत्तर ८ असता कार्यक्षमता सुमारे ५६ टक्के आणि १० असता ६० टक्के येते. प्रत्यक्षात आकडे बरेच कमी असतात, पण दिशा तीच. टर्बो इंजिनात तर हवा आधीच दाबून आत कोंबली जाते. अशा इंजिनाला सोशिक पेट्रोल लागतेच. म्हणजे जादा ताकद येते ती इंजिनाच्या रचनेतून. उच्च ऑक्टेनचे पेट्रोल त्या रचनेला फक्त वाव देते. मोठा तवा आणला, म्हणून पीठ वाढत नाही, तसेच हे.

ज्या गाडीच्या पुस्तिकेत ९५ किंवा ९७ अंक आवश्यक म्हटला आहे, तिच्या मालकाने महाग पेट्रोल घालावे. त्यात चैन काही नाही. अलीकडच्या गाड्यांत खडखडाट ओळखणारा संवेदक असतो. हलके पेट्रोल मिळाले, तर संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन वाचते, पण ताकद आणि किलोमीटर दोन्ही घटतात. याउलट ज्या इंजिनाची मागणीच ९१ ची आहे, त्यात १०० चे पेट्रोल घातले तरी ते खडखडाट करत नव्हते आणि आताही करत नाही. फरक पडतो तो खिशात.

अमेरिकेतील ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने हे तपासून पाहिले आहे. २०१६ मधील चाचण्यांत साध्या पेट्रोलासाठी बनवलेल्या गाड्यांना महाग पेट्रोलाचा काहीच लाभ आढळला नाही. २०१७ मध्ये ‘महाग पेट्रोल सुचवले आहे, पण सक्तीचे नाही’ अशा गाड्या तपासल्या. तेथे इंधनाची बचत सरासरी २.७ टक्के आणि ताकदीतील वाढ १.४ टक्के निघाली. लाभ होता, पण किमतीतल्या फरकापेक्षा खूपच कमी. (अमेरिकी पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात. तिथले ८७ म्हणजे आपल्याकडचे साधारण ९१, हे परदेशी मासिके वाचताना ध्यानात ठेवावे.)

आपल्याच देशातला पुरावा

‘ऑक्टेन जास्त म्हणजे ऊर्जा जास्त’ या वाक्याचा निकाल लावण्यासाठी अमेरिकेला जाण्याचीही गरज नाही. २०२५ मध्ये आपल्याकडे साध्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. साध्या पेट्रोलाचा किमान अंक पूर्वी ९१ होता. २० टक्के मिश्रणाच्या भारतीय मानकात तो ९५ आहे. अंक वाढला. ऊर्जेचे काय झाले? एक लिटर पेट्रोलात सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलात सुमारे २१. मुलांकडून हिशेब करून घ्यावा : ३२ चे ८० टक्के आणि २१ चे २० टक्के मिळून २९.८. म्हणजे लिटरमागे जवळजवळ ७ टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, अशा मिश्रणासाठी न बनवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के आणि दुचाकींत ३ ते ४ टक्के इंधन जास्त लागेल, असा अंदाज होता. अंक वर, ऊर्जा खाली. दोन्ही एकाच बादलीत.

या घटनेने जाहिरातीचा आधारही काढून घेतला आहे. साधेच पेट्रोल ९५ चे झाल्यावर ‘९५’ हा आकडा महाग पेट्रोलाचे वैशिष्ट्य कसा उरतो? ‘प्रीमियम’ या एका शब्दाखाली मुळात दोन वेगळ्या वस्तू विकल्या गेल्या. एक म्हणजे नळ्या व झडपा स्वच्छ ठेवणारी रसायने घातलेले पेट्रोल, दुसरी उच्च ऑक्टेनचे पेट्रोल. पहिल्याचा उपयोग असू शकतो, पण त्याचा ‘वेगाशी’ संबंध नाही. ग्राहकाने कोणत्या गुणासाठी पैसे मोजले, हे नावावरून कळत नाही. टीकेचा खरा मुद्दा हा आहे.

किंमत म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे सिंधुदुर्गाला तर वेगळे सांगायला नको. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने गोव्यात पेट्रोलवरचा कर जवळजवळ काढून टाकला, तेव्हा बांद्याच्या पलीकडे पत्रादेवीला पेट्रोल लिटरमागे बऱ्याच रुपयांनी स्वस्त झाले. सीमा ओलांडल्याने पेट्रोल हलके झाले नव्हते. फक्त कर बदलला होता.

बंदरावरची प्रयोगशाळा

ही सगळी रसायनविद्या मालवणच्या बंदरावर उघडी मांडलेली आहे. ट्रॉलरच्या डिझेल इंजिनाला प्लगच नसतो. तेथे इंधनाने नुसत्या दाबाच्या उष्णतेनेच पेट घ्यावा लागतो. म्हणजे पेट्रोलातला अवगुण तो डिझेलातला गुण. छोट्या होडीचे रॉकेलवर चालणारे मशीन पेट्रोलवर सुरू करतात आणि तापल्यावर रॉकेलवर घेतात. रॉकेलचा ऑक्टेन अंक फारच कमी, म्हणून त्या मशिनाचे संपीडनही कमी ठेवलेले असते. पेट्रोलात रॉकेलची भेसळ झाली की स्कूटर चढावावर का खडखडते, हे यावरून कळेल. सावंतवाडीहून आंबोली चढताना वरच्या गिअरमध्ये इंजिन रेटले की हा आवाज सर्वांत आधी येतो. पण माथ्यावर, सुमारे ६९० मीटर उंचीवर, हवा ८ टक्क्यांनी विरळ असल्याने इंजिनाची ऑक्टेनची गरज उलट कमी होते.

किनाऱ्यावर एक प्रश्न साध्या-महाग वादाहून मोठा आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात पर्यटनाच्या होड्या महिनोन्महिने बंद असतात. टाकीत पुरेसे पाणी शिरले, तर इथेनॉल पाण्यासह तळाशी वेगळे होते आणि वर उरते ते कमी ऑक्टेनचे पेट्रोल. म्हणून मशीन ठेवून देण्यापूर्वी टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करणे, हा महाग पेट्रोलापेक्षा कितीतरी उपयोगी सल्ला आहे.

ऑक्टेनची एक जुनी किंमत

ऑक्टेनच्या हव्यासाची किंमत जगाने एकदा मोजली आहे. १९२१ मध्ये टॉमस मिजली याला टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले. चिमूटभर घातले की खडखडाट थांबे. १९२४ मध्ये अमेरिकेतील बेवे येथील कारखान्यात पाच कामगार त्याच्या विषाने दगावले, तरीही ते जगभर पसरले आणि पिढ्यान्पिढ्या मुलांच्या रक्तात शिसे उतरत राहिले. भारतात २००० साली ते बंद झाले. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ साली. अंक कसा वाढवला, हे विचारणे म्हणूनच महत्त्वाचे.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. घरच्या वाहनाची पुस्तिका उघडून त्यात कोणता अंक व किती टक्के इथेनॉल चालेल असे लिहिले आहे, ते टिपून आणावे. मग हिशेब करावा. समजा, साधे पेट्रोल १०५ रुपये आणि महाग ११५ रुपये. साध्यावर गाडी ४५ किलोमीटर जात असेल, तर महागावर निदान ४९.३ किलोमीटर गेली, तरच पैसे वसूल. टाकी पूर्ण भरून, निदान तीन-तीन वेळा, त्याच रस्त्यावर मोजून पाहावे. एकदा मोजून निष्कर्ष काढू नये. दमट हवा, टायरमधील दाब, मागे बसलेला माणूस, या साऱ्यांचा फरक पेट्रोलाच्या फरकाहून मोठा असू शकतो.

पंपावर कोणती नळी मागायची, हे गाडीच्या पुस्तिकेने ठरवावे. आणि पुस्तिकेतला तो आकडा नेमके काय सांगतो, हे मुलांना विज्ञानाच्या तासाला कळावे.