दांड घातलेले लुगडे

करवतकाठी लुगड्याचे रसग्रहण करताना अभ्यासक बहुधा काठापाशीच थांबतात. ते स्वाभाविक आहे. अंगात कोशाचे मधाळ रेशीम, काठाला रंगीत सूत आणि दोहोंच्या सीमेवर करवतीचे दाते. हे दाते भरतकामाचे नव्हेत. तीन धोटे चालवून, काठाचा व अंगाचा बाणा एकमेकांत गुंतवीत ते मागावरच उमटवावे लागतात. नागभीड, सावली, आरमोरीकडील या कोशामागे ऐन-अर्जुनाचे जंगल, किडे पाळणारे ढिवर आणि विणणारे कोष्टी उभे आहेत. छापील नकलेत दाते दिसतात. ही माणसे दिसत नाहीत.

परंतु वस्त्राचा अर्थ विणकऱ्यापाशीच संपतो काय? आमच्या धर्मग्रामातील एका घरी आजीचे असे लुगडे पाहावयास मिळाले. मधला विरलेला भाग काढून त्याला दांड घातलेला होता. घरच्यांना त्या शिवणीचा संकोच वाटे. ती उसवून लुगडे 'मूळ रूपात' आणावे, असा त्यांचा विचार होता.

मला तुरीनच्या कफनवस्त्राची आठवण झाली. १५३२ च्या आगीत ते होरपळले. १५३४ साली शांबेरी येथील संत क्लाराच्या संघातील भगिनींनी त्याला ठिगळे लावली. २००२ च्या जीर्णोद्धारात ती काढण्यात आली. ठिगळांखाली जळकी भुकटी साचून कापडास अपाय होतो, हे तज्ज्ञांचे कारण वजनदार होते. तरीही साडेचारशेहून अधिक वर्षे त्या वस्त्राला सांभाळणारे टाके त्यासोबत गेले, ही हानीच मानली पाहिजे.

आजीच्या लुगड्याला तर तेही कारण लागू नाही. दांडाने कापडास इजा होत नाही. काढलेला भाग परत येणार नाही. उसवल्यास हाती केवळ दोन तुकडे उरतील. ज्या काटकसरीने एका स्त्रीने संसार रेटला, तिचा एवढाच लेख शिल्लक आहे. तो आपण पुसावा काय?

जतनाचा मार्ग साधा आहे. प्लास्टिकची पिशवी नको, ऊन नको. धुतलेल्या मलमलीत गुंडाळावे व अधूनमधून घडी बदलावी, म्हणजे रेशीम घडीवर तुटत नाही. आणि लुगडे कोणाचे, दांड कोणी घातला, हे सांगणारे कोणी घरात असेल, तोवर ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे.