एका सिगारचं रसग्रहण

समीक्षा कशाची करावी याला आता धरबंध राहिलेला नाही. पूर्वी कविता, नाटक, फार तर गणपतीपुढचा देखावा, एवढ्यावर समीक्षकांचं भागत असे. हल्ली मिसळीला गुण देतात, मिठाला देतात, बाटलीतल्या पाण्यालासुद्धा देतात. त्यामुळे सिगारचीही समीक्षा असते हे ऐकून मला धक्का बसला नाही. धक्का बसला तो तिच्या भाषेनं. अमेरिकेत १९९२ सालापासून निव्वळ सिगारला वाहिलेलं एक नियतकालिक निघतं आणि ते सिगारला शंभरपैकी गुण देतं. नव्वदच्या खालच्याकडे शौकीन जरा नाक मुरडूनच बघतात म्हणे. आमच्या बी.कॉम.च्या वर्गात बेचाळीसवाला पेढे वाटायचा.

बरं, ही मंडळी धुरात हुंगतात तरी काय काय! कोको, मिरी, देवदार, चामडं, ओली माती आणि (मी पदरचं काही घालत नाही) गोठा. गोठ्याचा वास ही तिथं शाबासकी असते. आमच्या जुन्नर-आंबेगावकडं हा वास वाडीवाडीवर फुकट मिळतो, पण त्याबद्दल कुणी कुणाला ब्याण्णव गुण दिल्याचं ऐकिवात नाही.

समीक्षकाला माल लागतो. तो मला आळ्याच्या एका बागाईतदार मित्रानं पुरवला. त्याची द्राक्षं हॉलंडला जातात. तिकडच्या व्यापाऱ्यानं त्याला खुशीनं दोन सिगार दिल्या. एक त्यानं ओढली, ठसका लागून डोळ्यांत पाणी आणलं आणि दुसरी माझ्या हातात कोंबून म्हणाला, "तू लिहितोस-बिहितोस, तूच घे."

हवानाची मॉन्टेक्रिस्टो, नंबर चार. लांबी १२९ मिलिमीटर आणि जाडी बेचाळीस. बेचाळीस काय? तर इंचाचे चौसष्ट भाग करायचे आणि त्यातले बेचाळीस घ्यायचे. म्हणजे आपला जुना चौसष्ट पैशांचा रुपयाच की! त्या हिशेबानं माझी सिगार साडेदहा आणे जाडीची झाली. आत भरणाची पानं, त्यांना आवळून धरणारं दुसरं पान आणि सगळ्यावर अंगरख्यासारखं तिसरं, नितळ. सगळं हातानं. या हवाना प्रकरणापायी भल्याभल्यांची शोभा झाली आहे. १९६२ साली केनेडींनी क्युबाच्या मालावर बंदी घालायच्या आधी आपल्या सचिवाला धाडून स्वतःसाठी बाराशे सिगार आणवल्या आणि मगच सही केली. परिपत्रक अमलात यायच्या आदल्या दिवशी काम उरकून घेणं ही कला फक्त आमच्या बँकेत आहे असं मला वाटत होतं.

तर मी गच्चीवर गेलो. एरवी मी ओढत नाही. तंबाखूनं काय होतं ते पाकिटावर चित्रासकट छापलेलं असतं. ही ओढली ती समीक्षक म्हणून. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडात घोळवून सोडून द्यायचा असतो. म्हणजे रक्कम खात्यात जमा करायची नाही. सस्पेन्सला ठेवायची आणि परत करायची.

पहिला तिसरा हिस्सा उत्तम. जिभेच्या टोकावर मिरी, मागं भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाचा खमंगपणा. मधल्या हिश्श्यात कॉफी आली आणि तिच्यामागून एक ओळखीचा वास. तो कसला ते आठवायला दोन झुरके गेले. आमच्या रेकॉर्डरूममधल्या जुन्या, चामडी पाठीच्या लेजरांचा! तज्ज्ञ खोटं बोलत नव्हते तर. शेवटचा हिस्सा मात्र कडू, गरम आणि उगाच वाढवलेल्या तिसऱ्या अंकासारखा. जाणकार तो ओढतच नाहीत. थोटूक तसंच ठेवून विझू देतात. अकाउंटन्सीत शिकलेली घटत्या शिलकीवरची घसारा-पद्धत मला त्या दिवशी समजली. शिलक शून्यावर कधी येत नाही, आपणच कंटाळून नाद सोडतो. राख पांढुरकी होती आणि चांगली इंचभर होऊनही पडेना. खालून हिचा आवाज आला, "अहो, दोरीवर चादरी आहेत!" तेव्हा कुठं पडली.

चवीला मी पासष्ट देतो. जळणं सरळ, ओढ मोकळी, त्याचे वेगळे. बांधणीबद्दल मात्र मी माझं मत देणार नाही, कारण पेटवण्याआधी ती जाणकाराला दाखवून घेतली होती.

जाणकार म्हणजे आमच्या शेजारच्या मावशी. संगमनेरला तीस वर्षं विड्या वळल्या, आता मुलाकडे जुन्नरला असतात. आयुष्यात एक विडी ओढली नाही, पण खोकला आहे. सिगार हातात दिली तर त्यांनी ती आधी उजेडात धरली, मग अंगठ्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबत गेल्या.

"पान भारी हाये. शीर बघ किती बारीक. जोड सापडतो का बघ बरं."

सापडेना.

"आन् दोरा?"

"दोरा नसतो, मावशी. जरासा डिंक."

"दिसाला किती वळतात?"

"शंभराच्या आसपास."

मावशींनी सिगार खाली ठेवली. "शंभर? आन् तेवढ्यावर भागतं त्यांचं?"

मावशींचा दिवस हजाराचा. टेंभुर्णीचं पान रात्री भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायचं, चिमूटभर जर्दा, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मिटायचं. असं हजार वेळा. मग पंचवीस-पंचवीसची बंडलं करून कारखान्यात चेकरसमोर. मला विचाराल तर हातानं वळलेल्या धुराचा खरा समीक्षक हा चेकर. देवदार नाही, कोको नाही. बंडल चाचपायचं, नापसंत विड्या बाजूला काढायच्या आणि एकच शब्द उच्चारायचा : छाट. छाटीचे पैसे नाहीत. पान खराब आलं म्हणून विड्या कमी भरल्या, तर बाईनं पदरचं पान विकत आणून भरती करायची.

"तीस वर्षांत चेकर कधी म्हणाला का, चांगलं वळलंस म्हणून?"

"तो कशाला म्हणंल? चांगली होती ती घेतलीच की."

१९६६ साली सरकारनं कायदा केला त्याचं नाव होतं विडी आणि सिगार कामगार कायदा. दोघींना एका बाकावर बसवणारा तो कायदा. 'हातानं वळलेली' हे शब्द सिगारच्या खोक्यावर मिरवतात. विडीच्या बंडलातली हरेक विडी हातचीच असते, पण तिची किंमत त्या हातामुळं चढल्याचं मी पाहिलेलं नाही. २०१४ साली भविष्यनिर्वाह निधीची किमान पेन्शन महिना १,००० रुपये ठरली. तेवढ्यात आपल्याकडे अशी एक सिगार येत नाही. खिडकीच्या आत बसून हे आकडे रोज हाताखालून जातात, म्हणून लक्षात राहतात इतकंच.

मावशींनी निकाल दिला, "ही छाटीत टाकता यायची न्हाई." तेव्हा बांधणी : शंभर. तीस वर्षांच्या अनुभवाचा समीक्षक त्या नियतकालिकाकडे असल्यास त्यानं फेरतपासणी करावी.

मग त्यांनी सिगारवरची कागदी पट्टी बोटानं फिरवून पाहिली. "हे वळणाऱ्या बाईचं नाव का?"

म्हटलं, नाही, एका कादंबरीचं. हवानाच्या कारखान्यांत १८६५ सालापासून एक माणूस उंच खुर्चीवर बसून वळणाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो, आधी पेपर, मग गोष्ट. त्यांना ड्यूमाची मॉन्टेक्रिस्टोची गोष्ट फार आवडायची, म्हणून १९३५ साली या मालाला तेच नाव पडलं. आपल्याकडेसुद्धा कण्णूरला, १९६९ साली निघालेल्या दिनेश बीडी सहकारी संस्थेत असंच वाचून दाखवत.

"आमच्यात कुनी न्हाई वाचलं," मावशी म्हणाल्या. "काय गोष्ट हाये?"

"एका तरण्या खलाशाला, काही गुन्हा नसताना, ऐन साखरपुड्यातून उचलून समुद्रातल्या किल्ल्यात कोंडतात. चौदा वर्षं."

"आगं बया. मग सुटला का न्हाई?"

"सुटला. शेजारच्या कोठडीतला म्हातारा मेला, त्याच्या पोत्यात स्वतः शिरला."

"थांब," मावशी म्हणाल्या. त्यांनी गॅस बारीक केला, पाय पसरून बसल्या आणि सवयीनं सूप मांडीवर ओढलं. त्यात तांदूळ होते. "हां. आता सांग सुरवातीपासनं."